माझेच घोडे काऊन मरतेत?

गेल्या शनिवारी घरी होतो, नालवाडीला. पुण्याहून रात्रभर ट्रेन, वर्धा स्टेशनवर उतरायचं, ऑटो करायची आणि आईच्या हातचा चहा पिऊन दुपारपर्यंत आडवं व्हायचं, असा साधा सरळ प्लॅन होता. पण ताई माहेरी आली होती आणि सोबत तेरा वर्षांचा भाचा. त्याला माझा लॅपटॉप दिसला. मग कसली झोप!

कॉलेजात असताना होस्टेलवर आम्ही 'बॅटल फॉर वेस्नॉथ' नावाचा गेम खेळायचो. फुकट, ओपन सोर्स, आणि होस्टेलच्या भंगार मशिनवरही चालणारा. २००३ पासून जगभरातले हौशी लोक तो बनवताहेत. षटकोनी घरांचा पट, आपली पाळी आली की एकेक शिपाई हलवायचा. तो अजून लॅपटॉपवर होता. भाच्याला सुरू करून दिला आणि मी पेपर घेऊन बसलो. अर्ध्या तासात हाक आली, "मामा, माझेच घोडे काऊन मरतेत?"

जाऊन बघितलं. साहेबांनी सगळं सोनं घोडेस्वारांवर उधळलं होतं. वर चार भालेवाले घेतले होते, ते मागे रस्त्यातच. घोडेस्वार एका पाळीत आठ घरं जातो, भालेवाला पाच. म्हणजे दोन पाळ्यांत घोडे सहा घरं पुढे. तिथे शत्रूचे चार जण एकट्या घोड्याभोवती उभे राहतात आणि खेळ खलास.

मग मी पेपर बाजूला ठेवला आणि मास्तर झालो. (ही सवय वाईट, पण जात नाही.)

त्याला सांगितलं, पहिली गोष्ट जमीन. या गेममध्ये वार लागणार की नाही हे मारणारा किती शूर आहे यावर ठरत नाही, मार खाणारा कुठे उभा आहे यावर ठरतं. घोडा मोकळ्या मैदानात उभा असेल तर शंभरातले साठ वार लागतात, जंगलात शिरला तर सत्तर. शिवाय जंगलातलं एक घर ओलांडायला त्याला तीन घरांची चाल मोजावी लागते. दुसरी गोष्ट, प्रत्येक शिपायाचा आपल्या सभोवतीच्या सहा घरांवर धाक असतो. शत्रू त्या घरात आला की त्याची त्या पाळीतली चाल तिथेच संपते. त्यामुळे दोन शिपायांमध्ये दोन घरं रिकामी ठेवली तरी मधून कोणी सुटत नाही. भिंत बांधायला खूप माणसं लागत नाहीत, नीट अंतर लागतं. तिसरी गोष्ट, भाला घेऊन चालून जाणारा घोडेस्वार दुप्पट मारतो, पण खातोही दुप्पट. आणि समोर भालेवाला असेल तर पहिला वार त्याचाच, हल्ला कोणीही केलेला असो.

"मंग घोडे घ्याचेच नाई का?"

चांगला प्रश्न होता. उत्तर द्यायला मला १७२८ सालात जावं लागलं.

पालखेडला बाजीरावाने निजामाला जेरीला आणलं ते घोड्यांवरच. सोबत जड तोफा नाहीत, सगळी फौज एका वेगाची. तो इकडून तिकडे पळवत राहिला, पाठलागाच्या नादात निजामाला आपला जड तोफखाना मागे सोडावा लागला, आणि शेवटी पालखेडजवळ त्याचं पाणी तुटलं. २८ फेब्रुवारी १७२८. मोठी लढाई न होताच मामला संपला.

आता १४ जानेवारी १७६१. पानिपत. मराठ्यांकडे या वेळी दोन वेगांची फौज होती. एकीकडे आपलं नेहमीचं घोडदळ, दुसरीकडे इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण आणि तोफा, म्हणजे सावकाश पण शिस्तीत चालणारं प्रकरण. शिवाय सोबत बायका-मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. उपासमार झालेली. बेत होता गोल बांधून, सगळ्यांना सांभाळत सरकायचं. गोलाचा वेग म्हणजे त्यातल्या सगळ्यात हळू माणसाचा वेग. (एज ऑफ एम्पायर्स टू खेळलेल्यांना माहीत असेल, फॉर्मेशनमध्ये घोडेही पायदळाच्या चालीने चालतात आणि आपण वैतागतो.) डाव्या बाजूला गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. त्यांच्या बाजूला विंचूरकर आणि गायकवाडांचं घोडदळ होतं. त्यांना थांबवेना. ते पुढे घुसले, मार खाऊन मागे फिरले आणि गारद्यांची बाजू उघडी पडली, असं आपल्याकडे सांगितलं जातं. अब्दालीने मात्र राखीव फौज दुपारपर्यंत हातात ठेवली होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

पानिपत का हरलो यावर मराठी माणूस रात्रभर भांडू शकतो. होळकर, संक्रांत, यात्रेकरू, काय वाट्टेल ते. मला त्या दिवशी भाच्याला समजावता समजावता एवढंच दिसलं, की विंचूरकरांचे घोडे भित्रे नव्हते. ते चांगलेच होते. जोरात होते, हाच घोटाळा.

आणि हे बोलता बोलता माझी जीभ अडखळली, कारण मला आमचं मागच्या वर्षीचं रिलीज आठवलं.

मी नुकताच लीड झालो होतो. चार जणांची टीम. सहा आठवड्यांची तारीख मी दिली, आणि खरं सांगायचं तर ती माझ्या एकट्याच्या स्पीडने मोजली होती. माझं मॉड्यूल दहा दिवसांत उडवलं आणि पुढच्या कामावर उडी मारली. वरच्यांनी पाठ थोपटली. टीममध्ये एक नवी मुलगी होती, पहिलीच नोकरी. तिच्या वाट्याला जुनाट बिलिंगचा कोड आला होता, ज्याला आम्ही कोणी हात लावत नसू. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये ती म्हणायची, "थोडं अडलंय." मी म्हणायचो, "बघ, लागलं तर सांग." आणि पुढे. रिलीजच्या रात्री नेमकं तेच फाटलं. दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर तिचं नाव आलं. मी म्यूटवर होतो. अनम्यूट करायला एक बटण लागतं. नाही केलं.

पुढच्या महिन्यात तिने राजीनामा दिला.

इतके दिवस मी स्वतःला सांगत होतो की मी माझं काम वेळेत केलं. केलंच होतं. घोडा आठ घरं जातो, गेला. पण बाजू कोणाची राखायची होती?

गंमत म्हणजे याच गेममध्ये कॉम्प्युटर कसा खेळतो तेही आकड्यांत लिहिलेलं असतं. 'अ‍ॅग्रेशन' नावाचा एक आकडा आहे. तो एक केला की कॉम्प्युटर फक्त समोरच्याचं किती नुकसान झालं ते मोजतो, आपले किती गेले ते हिशेबातच धरत नाही. मुळात तो ०.४ वर ठेवलेला असतो. म्हणजे त्या हौशी प्रोग्रामरांनाही कळलं होतं. आमच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये असला रकाना अजून तरी नाही.

तेवढ्यात आजी आत आली. "कायच्या लढाया करून रायले रे दोघं? विनोबाच्या गावात!" विनोबा १९३८ साली पवनारला गेले, त्याआधी काही वर्षं ते आमच्या नालवाडीत राहत होते, सूत कातत. इथे ग्रामसेवा मंडळ त्यांच्याच प्रेरणेतून निघालं. आजीपुढे आमचा पानिपताचा अभ्यास काय टिकणार! लॅपटॉप मिटवा, जेवायला बसा, असा हुकूम झाला.

जेवणानंतर भाच्याने परत डाव मांडला. या वेळी घोडे नदीच्या अलीकडे थांबवले होते. तीन पाळ्या नुसता बसून. "काय करून रायला बे?" मी विचारलं. म्हणाला, "भालेवाले येऊन रायले ना मामा. थांबतो."

हरला तो डाव. थांबण्यात रात्र झाली, आणि रात्री त्याच्या शिपायांचा मार पाव हिश्शाने कमी होतो. पण या वेळी शेवटपर्यंत लढला, आणि हरल्यावर चिडला नाही.

रविवारी परत निघालो. गाडी लेट होती, नेहमीप्रमाणे. वर्धा स्टेशनच्या बाकावर बसून त्या मुलीला मेल लिहिली. चार ओळी. त्या कॉलवर मी बोलायला हवं होतं, तारीख माझी चुकली होती, तुझी नाही, एवढंच. पाठवायला मात्र बडनेरा उजाडलं.

उत्तर अजून आलेलं नाही. येईलच असं नाही. असो. उद्या सोमवार, नवीन रिलीजच्या तारखा द्यायच्या आहेत. या वेळी आधी सगळ्यांना विचारणार आहे.