जमा आणि नावे

ख्रिस्तोफर नोलन यांच्या बॅटमॅन चित्रत्रयीतील अखेरचा चित्रपट ‘द डार्क नाइट राइझेस’ २०१२ साली प्रदर्शित झाला. त्याच्या खात्यात जमा आणि नावे, दोन्हीकडे नोंदी आहेत.

खलनायक बेन शेअर बाजारावर हल्ला करतो. चोरलेल्या बोटांच्या ठशांवर नायक ब्रूस वेनच्या नावे सौदे होतात आणि तो निर्धन ठरतो. भरदिवसा घडलेल्या हल्ल्यातील सौदे त्वरित रद्द का होत नाहीत? बुलढाणा जिल्ह्यातील खामगावचा कापसाचा किंवा चांदीचा व्यापारी हेच विचारील. संमतीवाचून सौदा कसला! येथे कथा लंगडी पडते.

जमेची बाजू मोठी आहे. संपत्ती व शरीरबळ गमावलेला नायक विहिरीसारख्या खोल तुरुंगातून दोराचा आधार सोडून वर चढतो. भांडवल बुडाले तरी उमेद बुडू नये, हे व्यापारी घराण्यांनी अनुभवलेले सत्य आहे.

एक खंत मात्र उरते. हत्या न करण्याचा नायकाचा नियम आहे. पण अखेरीस साथीदार सेलिना बेनला ठार करते आणि त्यामुळे नायकाचे प्राण वाचतात. दुसऱ्याने केलेल्या हिंसेचा लाभ घेतल्यावर आपला नियम अभंग राहतो काय? चित्रपट हा प्रश्न टाळतो. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या घराला तो टाळता येत नाही.