सरासरी आणि घागर

नांदेडला नववीच्या वर्गात परवा नाणेफेक घेतली. 100 वेळा. छापा आला 43 वेळा. पोरं हिरमुसली. "सर, 50 का नाही आले?"

फळ्यावर लिहिलं: 100 फेकींत 50 पासून दहापर्यंतचा फरक नेहमीचाच, 10,000 फेकींत 5,000 पासून शंभरपर्यंतचा. फरक वाढला, पण टक्क्यांत 10 चा 1 झाला.

मग नाणं खिशात टाकलं. म्हटलं, शून्य ते एकमधली संख्या घ्या. दुप्पट करा, एक किंवा जास्त झाली तर एक वजा करा, परत दुप्पट. अर्ध्याहून कमी तो छापा, नाहीतर काटा. यात नशीब कुठंच नाही, सगळा नियम. तरी जवळपास कुठल्याही संख्येपासून निघा, छापे निम्म्यावर येऊन ठरतात. बर्कहॉफचं 1931 चं प्रमेय हेच सांगतं. गंमत म्हणजे निम्म्यापासूनचा फरकही नाण्याइतकाच राहतो. अपवाद आहेतच: 1/7, 2/7, 4/7, परत 1/7. इथं तीनात दोन छापे, कायमचे.

मूळची लातूरची एक मुलगी उठली. "सर, सरासरी ठरलेली असली तरी एखादं साल कोरडं जातंच की!" 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, आजी तिला त्या घागरींच्या रांगा अजून सांगते.

मी क्षणभर गप्प. बरोबर होतं तिचं. प्रमेय लांबच्या पल्ल्याचं बोलतं, घागर याच वर्षी भरावी लागते. इतकी वर्षं मी नुसती सरासरी काढायला शिकवली. आता तिच्या शेजारी फरकही लिहायला लावतो. तुम्हीही वर्गात, घरी करून बघा.