हळदीचा डाग

आयुष्यात मी पुष्कळ काही सांडले आहे. दौती सांडल्या, चहा सांडला, एकदा तर पंगतीत चुलतसासऱ्यांच्या धोतरावर आमटी सांडली. पण गेल्या आश्विनात खांदेश्वरच्या आमच्या घरी जे हळदीचे दूध सांडले, त्याची गोष्ट निराळी.

सूनबाईने दिवाळीसाठी पहिल्या पगारातून तागाचा गालिचा आणला होता. आमच्या घराण्यात सतरंजी आणि घोंगडी यांपलीकडे कोणी गेलेले नाही. सतरंजी सुताची, मळली की खुशाल आपटून धुवावी. घोंगडी लोकरीची, तिला कढत पाणी आणि धुण्याचा सोडा दाखवू नये, नाही तर ती आटते आणि राठ होते. एवढे आईने शिकवलेले. तागाचे मात्र तिने काही सांगितले नव्हते. ताग म्हणजे गोणपाट, एवढीच माझी समजूत!

त्या दुपारी घरात मी आणि पाच वर्षांचा नातू. खोकल्यावर उपाय म्हणून हळदीचे दूध घेऊन बसलो, आणि पेला कलंडला. गालिच्याच्या मधोमध तळहाताएवढा पिवळा डाग! हळद सांगलीची, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळवलेली. ती कशाला रंगात कसर करते?

शहाण्या माणसाने कोरडे फडके दाबून दूध टिपून घेतले असते. मी बादली आणि कपड्यांचा साबण आणून घासायला बसलो. घासता घासता पिवळा डाग कुंकवासारखा लाल झाला! हळदीतले कर्क्युमिन क्षाराने लाल होते. शाळेत चुन्याच्या निवळीत हळदीचा कागद बुडवून आम्ही हेच तर पाहिले होते. पण वेळेवर आठवेल ती विद्या कसली? घाबरून मी आणखी पाणी ओतले. शेवटी चहाचे टेबल डागावर सरकवले आणि वर्तमानपत्र उघडून बसलो.

संध्याकाळी सूनबाई आली आणि दोन मिनिटांत तिने टेबल बाजूला केले.

"रंग सांडलास ना रे?" तिने नातवाला विचारले.

"नाही."

"खोटं बोलू नकोस!"

तो माझ्याकडे पाहू लागला. दुपारी त्याने सारे पाहिले होते. मी वर्तमानपत्राचे पान उलटले.

जेवणानंतर त्याला घेऊन खांदेश्वराच्या देवळाकडे फेरी मारायला गेलो. तळ्याकाठी तो हळूच म्हणाला, "आजोबा, डाग गेला की मग सांगायचं का आपण आईला?"

त्या 'आपण'ने मला तिथे बसवेना. तसाच घरी परतलो आणि सूनबाईला सगळे सांगून टाकले. ती रागावली असती तर बरे झाले असते. जरा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "बाबा, गालिच्याचं काही नाही हो. मी त्याला खोटारडा ठरवलं." आणि ती उठून त्याच्यापाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तिने पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालून फडके भिजवले, घट्ट पिळले आणि न घासता डाग टिपला. लाली उतरून तो पुन्हा पिवळा झाला. मग आम्ही गालिचा गॅलरीत उन्हात टाकला. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. आपल्या आज्या हळदीचे कपडे गच्चीवर वाळत घालीत, ते उगीच नव्हे. ऑक्टोबरच्या उन्हाने आठवड्याभरात पिवळेपणा नेला.

राहिले ते तपकिरी कडे. ते हळदीचे नव्हे, माझ्या पाण्याचे. तागात लिग्निन नावाचे लाकडी द्रव्य असते. ताग फार वेळ ओला राहिला की वाळताना तपकिरी रंग धाग्यांच्या टोकाशी येतो. व्हिनेगरने कडे फिकट झाले, पण गेले नाही. सांडल्याचा डाग निघाला. लपवाछपवीचा तेवढा उरला.

दिवाळीत पाहुणे फराळाला आले. कोणीतरी विचारलेच, "हे कसलं हो कडं?"

मी तोंड उघडण्याआधी नातू अभिमानाने म्हणाला, "ते आमच्या आजोबांचं!"

"होय, माझंच," मी म्हणालो आणि चकलीचे ताट पुढे सरकवले. टेबल मात्र सरकवले नाही.