सुरकुतलेला दाणा

पेरायचा वाटाणा हातात घेतला की बोटांना आधी त्याच्या सुरकुत्या लागतात. फिकट हिरवा, आक्रसलेला, एका अंगाने खोलगट, दुसऱ्या अंगाने फुगीर. मूठभर दाण्यांत एकासारखा एक सापडत नाही. यात जीव असेल असं वाटू नये इतका तो कोरडा असतो. पण प्युजेट साउंडच्या काठच्या या मुलखात, सिएटल आणि आसपास, वर्षाची पहिली पेरणी याचीच. टोमॅटोची रोपं घरात दिव्याखालीसुद्धा आलेली नसतात, बटाट्याचे डोळे फुटायला ठेवलेले असतात, आणि हा बाहेर, पावसात, गार मातीत उतरायला तयार असतो.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत प्रेसिडेंट्स डेची सुट्टी असते. त्या दिवशी वाटाणा टोकायचा, असा इकडच्या बागकाम करणाऱ्यांचा शिरस्ता आहे. शहरात महापालिकेच्या सामाईक बागा आहेत. त्यांना ‘पी-पॅच’ म्हणतात. पिकार्डो नावाच्या इटालियन कुटुंबाच्या शेतावर १९७३ साली त्यांची सुरुवात झाली. सुट्टीच्या त्या सोमवारी या बागांतून चक्कर मारली तर गमबूट घातलेली माणसं गुडघ्यांखाली गोणपाट घेऊन बसलेली दिसतात. हवा आठ-नऊ अंशांची, आभाळ खाली आलेलं, आणि पाऊस पडतोय की नाही हे सांगता येऊ नये असा.

हा पाऊस मराठी माणसाला समजायला वेळ लागतो. सिएटलला वर्षाकाठी साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांतच याच्या दुपटीहून जास्त पडतो. पण मुंबईचा पाऊस झोडपून काढतो आणि जातो; इथला ऑक्टोबरपासून भुरभुरत राहतो, वर्षातले दीडशेच्या आसपास दिवस. पॅसिफिकवरून येणारी हवा ओली असते आणि कोमटही. त्यामुळे इतक्या उत्तरेला असूनही इथला हिवाळा सौम्य. पूर्वेच्या कॅस्केड पर्वतरांगा ओलांडल्या की बर्फाने टणक झालेली जमीन लागते, आणि अलीकडे मात्र फेब्रुवारीतही गवत हिरवंगार असतं. माती गोठत नाही. पण वाळतही नाही. सारी अडचण तिथे आहे.

वाटाण्याला थंडी चालते. साचलेलं पाणी चालत नाही. त्याचा हा स्वभाव एकदा नीट कळला की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. चार-पाच अंशांच्या मातीतही तो रुजतो, फक्त महिन्याहून अधिक वेळ घेतो. मातीचा पारा दहा अंशांवर गेला की दोन आठवड्यांत, वीस अंशांवर आठवड्याभरात. त्या महिन्याभरात त्याला श्वास घ्यायला हवा लागते. मातीच्या कणांमधल्या सगळ्या फटी पाण्याने भरलेल्या असतील तर तो तिथेच गुदमरतो. वर काहीच दिसत नाही. उकरून पाहिलं तर सालीच्या आत नुसता दुर्गंधी लगदा.

आणि हे संकट त्याने स्वतःच्या गोडव्यापायी ओढवून घेतलेलं असतं. सुरकुत्यांचा संबंध इथे येतो. गोल, गुळगुळीत दाण्याचे वाटाणेही असतात. त्यांच्यात पिठूळपणा जास्त, गोडी कमी. पण ओल्या थंडीत तेच जास्त चिवट. सुरकुतलेल्या वाणात साखरेपासून फांद्याफांद्यांचं स्टार्च बनवणारं एक विकर बिघडलेलं असतं. स्टार्च कमी बनतं, साखर तशीच राहते. साखर पाणी ओढून घेते, म्हणून हिरवेपणी दाणा टपोरा असतो. वाळताना तेवढं पाणी निघून जातं, आणि साल सैल पडून चुरगळते. ब्रनोच्या मठातल्या बागेत ग्रेगोर मेंडेलने १८५६ पासून सात-आठ वर्षं ज्या गुणांच्या पिढ्या मोजल्या, त्यांतला एक हाच: दाणा गोल की सुरकुतलेला. त्याने १८६५ मध्ये ते सगळं वाचून दाखवलं, आणि त्या सुरकुतीमागे नेमकं काय मोडलंय हे इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं ते १९९० साली. दाण्याच्या एका जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसून बसलेला होता.

हाच गोड दाणा गार चिखलात फुगू लागला की त्याच्यातली साखर सालीतून मातीत झिरपते. पिथियमसारख्या बुरशीसदृश रोगजंतूंना तेवढी खूण पुरते. दुकानात कधी गुलाबी रंगाचं बियाणं मिळतं. ते बुरशीनाशक चोळलेलं असतं. मला ते हाताळायला आवडत नाही, आणि गरजही पडत नाही. आपल्या घरातला जुना उपाय इथे चालतो: मोड आणायचे. मटकीला करतो तसंच, फक्त वाटाणे रात्रभर नव्हे, चार-पाच तास भिजवायचे, ओल्या फडक्यात सैलसर गुंडाळून स्वयंपाकघराच्या उबेत ठेवायचे. दोन-तीन दिवसांत पांढरं मूळ दिसतं. ते अर्ध्या सेंटीमीटरच्या आत असतानाच दाणे टोकायचे, नाहीतर हाताळताना टोक मोडतं. धोक्याचा काळ त्याने घरातच काढलेला असतो. मातीत जाताना तो फुगलेला नव्हे, चालू लागलेला असतो.

मोड हाताशी असले तरी माती तयार हवी, आणि ती ठरवणं हेच या हंगामातलं खरं कसब आहे. दिनदर्शिकेतला सोमवार ही नुसती आठवण. सासवडच्या माझ्या आत्याला फोनवर सांगितलं की उद्या वाटाणा लावतेय, तर ती म्हणाली, “अगं, फेब्रुवारीत? आमचा तर गणपतीच्या आगेमागे बाजारात जातो.” पुरंदरचा वाटाणा पावसाळी. जूनमध्ये पेरायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात तोडायचा, त्या पठारावरच्या गार, ढगाळ हवेत. मी इथल्या थंडीचं वर्णन केलं, तिने ते फारसं मनावर घेतलं नाही. पुढचा प्रश्न तिने विचारला तो एवढाच: “वाफसा आहे ना?” पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या जमिनीबद्दल याहून नेमकं काही विचारता आलं नसतं.

वाफसा इथे आपणहून क्वचित येतो, तो आणावा लागतो. म्हणून गादीवाफे, जमिनीपासून वीतभर तरी उंच, कंपोस्टने भुसभुशीत केलेले. पेरणीच्या आधी दोन आठवडे वाफ्यावर प्लास्टिकचा कागद ताणून ठेवला की वरचा पाऊस बाजूने निघून जातो आणि आतली ओल हळूहळू खाली उतरते. मग मूठभर माती दाबून पाहायची. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि बोटांचे ठसे चकाकले, तर कागद परत पसरायचा. अंगठ्याने टोचल्यावर गोळा फुटला, तर लगेच कामाला लागायचं, कारण अशी दुपार पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. बोटाच्या एका पेराएवढं भोक, त्यात मोड आलेला दाणा, मूळ खालच्या बाजूला, वर सैल माती. थापायची नाही.

नंतर बरेच दिवस वाफा रिकामाच दिसतो. या दिवसांत वाटाणा एक शहाणपणाची गोष्ट करतो, जी घेवडा करत नाही. घेवड्याचा अंकुर आपली दोन्ही दलं खांद्यावर घेऊन वर येतो. शेंडा खुडला गेला की बहुधा संपला. वाटाणा दलं जमिनीतच ठेवतो आणि फक्त वाकलेला कोंब वर पाठवतो. तो कोंब हिमकडाक्याने जळला, कावळ्याने उपटला नाही पण तोडला, तरी खाली शिदोरी शाबूत असते आणि जमिनीखालच्या डोळ्यातून दुसरा कोंब येतो. मार्चच्या सुरुवातीला एखाद्या रात्री पारा शून्याखाली जातो, सकाळी सगळी रांग काचेसारखी ताठ दिसते, आणि दुपारपर्यंत बहुतेक रोपं सावरलेली असतात.

त्याचा खरा वैरी थंडी नाही, राखाडी गोगलगाय. जंगलात दिसणारी पिवळीधमक, हातभर वाटावी अशी बनाना स्लग बिचारी कुजलेल्या पाल्यावर जगते. बागेचं नुकसान करते ती युरोपातून आलेली, बोटाच्या पेराएवढी, शंख नसलेली छोटी गोगलगाय. रात्री टॉर्च घेऊन गेलं की ती कोवळ्या कोंबाला वरून खाली किसत आलेली सापडते. हाताने वेचणं आणि आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या, या दोन्हींशिवाय पहिले तीन आठवडे निभत नाहीत. पानांच्या कडेला कात्रीने कातरल्यासारखे अर्धगोल दिसले तर ते सोंडकिड्याचं काम. रोप जोमात असेल तर त्याकडे दुर्लक्ष करावं.

वाटाणा वीतभर उंच झाला की तो शोधू लागतो. टोकाच्या पानांच्या जागी त्याला ताणे फुटलेले असतात, आणि शेंडा अख्खा हळूहळू लंबवर्तुळात फिरत असतो. चार्ल्स डार्विनने वेलींवरचा आपला दीर्घ निबंध १८६५ मध्येच प्रसिद्ध केला, ज्या वर्षी मेंडेल वाटाण्यावरचे आकडे वाचून दाखवत होता. आणि त्यात वाटाण्याचे फिरते शेंडे आहेत. दोघांची गाठ कधी पडली नाही. ताणा ज्याला टेकतो त्याला विळखा घालतो, मात्र आधार बारीक हवा. जाड बांबू उभा केला तर तो त्याच्याशेजारी कोसळून पडतो. म्हणून सुतळीची जाळी, किंवा अल्डरच्या छाटलेल्या डहाळ्या त्यांच्या काटक्यांसकट रोवायच्या. सकाळी मोकळा हलणारा ताणा संध्याकाळी काटकीला दीड वेढा देऊन बसलेला असतो. पुढे दोन दिवसांत मधला भाग स्प्रिंगसारखा आवळतो, आणि वारा आला की रोप झुलतं, तुटत नाही.

एवढ्या खटाटोपापेक्षा एप्रिलमध्ये, ऊब आल्यावर का पेरू नये? नवी माणसं हे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. एप्रिलचा दाणा आठ-दहा दिवसांत वर येतो, कुजत नाही. पण वाटाण्याला पुढचा उन्हाळा गाठायचा नसतो. पारा सव्वीस-सत्तावीसच्या पुढे गेला की फुलं गळतात. त्याहून वाईट म्हणजे मावा. वसंत चढत जातो तसा मावा उडू लागतो आणि आपल्याबरोबर एनेशन मोझेक नावाचा विषाणू आणतो. पानं चट्ट्यापट्ट्यांची होतात, त्यांच्या पाठीवर मस्से उठतात, शेंगा वेड्यावाकड्या, खरबरीत. कॅस्केडच्या पश्चिमेला हा रोग इतका हटकून येतो की उशिरा लावलेली रांग बऱ्याचदा पहिल्या तोडणीआधीच हातची जाते. लवकर लावलेला वाटाणा मावा भरात येईपर्यंत शेंगांनी लगडलेला असतो.

या रोगावर ज्याने आयुष्य घातलं त्याचं नाव बियाण्याच्या पाकिटावर नसतं, म्हणून इथे लिहायला हवं: जेम्स बॅगेट. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत, कॉर्व्हॅलिसला, त्यांनी या विषाणूला दाद न देणारे वाण घडवले. ‘ओरेगन शुगर पॉड २’, ‘ओरेगन जायंट’, ‘कॅस्केडिया’. आयडाहोत कॅल्व्हिन लॅम्बोर्न यांनी घडवलेला, १९७९ मध्ये राष्ट्रीय पारितोषिक मिळवलेला ‘शुगर स्नॅप’ चवीला अप्रतिम आहे, सालीसकट खावा असा. पण या रोगापुढे तो टिकत नाही. ‘कॅस्केडिया’ची चव त्याच्या एखादी पायरी खाली असेल, पण तो शेवटपर्यंत उभा राहतो. माझ्या वाफ्यात दोघंही असतात, ‘शुगर स्नॅप’ सगळ्यात आधी पेरलेला.

मेअखेर पांढरी फुलं मागे पडून शेंगा धरतात, आणि मग रोज तोडावं लागतं. एक शेंग जून होऊ दिली की वेलाला काम संपल्यासारखं वाटतं आणि तो फुलं थांबवतो. पहिल्या शेंगा स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाहीत. नंतरच्यांची मटार-उसळ होते, आलं आणि ओल्या खोबऱ्याची, आणि तिच्यात साखर घालावी लागत नाही. तोडल्यापासून तासाभरात शिजवली तर. दाण्यातली साखर तोडल्याक्षणापासून स्टार्चमध्ये बदलू लागते; बाजारातल्या मटाराला दिवस-दिवसांचा प्रवास झालेला असतो, ही त्याची चूक नाही.

जुलैत पाऊस जवळजवळ थांबतो, महिनाभरात पंधरा-वीस मिलिमीटर. वेल खालून पिवळा पडत जातो. उपटायचा नाही, जमिनीलगत कापायचा. एखादं मूळ मात्र मी पाहण्यासाठी काढते: त्यावर मोहरीएवढ्या गाठी असतात, आणि नखाने फोडलेली गाठ आतून गुलाबी निघाली तर जिवाणूंनी अखेरपर्यंत नत्र धरला असं समजायचं. वाटाणा जमीन श्रीमंत करून जातो असं म्हणतात, ते थोडं जास्तच आहे. मिळवलेल्या नत्राचा मोठा हिस्सा दाण्यांत जातो, आणि दाणे आपण खाल्लेले असतात. तरी पाला आणि मुळं मातीला उपयोगी पडतातच. मोकळ्या झालेल्या जागेत जांभळ्या ब्रोकोलीची रोपं लागतात, जी हिवाळा काढून पुढच्या मार्चमध्ये तुरे देतात. वाटाण्याला तोवर दुसरा वाफा शोधायचा. त्याच मातीत लागोपाठ घातला की मूळकूज धरते, आणि निदान तीन वर्षं तरी त्याला तिथे परत आणायचं नसतं.