बिल्ल्यावर मशीनगन नव्हत्या

नाशिकरोड-देवळालीच्या पट्ट्यात राहायचं आणि जुन्या फौजी फोटोंचा नाद लागायचा नाही, हे कठीणच. इथल्या कितीतरी घरांत गणवेशातले आजोबा-पणजोबा भिंतीवर असतात. फोटोवर साल मात्र नसतं. मग फ्रेम माझ्याकडे येते.

अशीच एक तसबीर देवळालीगावातून आली. कुटुंब आता बौद्ध, पणजोबांची पलटण महार. ‘पहिल्या महायुद्धातले’ असं घरात सांगत आलेले. पलटणीचं नाव कळलं तेव्हाच माझं निम्मं काम झालं. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, ती १९२१ मध्ये मोडली. मग थेट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. मधली वीस वर्षं महार पलटणच नव्हती, त्यामुळे तिच्या गणवेशातला फोटो त्या काळातला असूच शकत नाही.

कमरेला कॅनव्हासचा रुंद पट्टा होता, १९३७ च्या नमुन्याचा. पहिलं महायुद्ध तिथंच बाद झालं. पण हा पट्टा आपल्या लष्करात स्वातंत्र्यानंतरही वापरात राहिला, त्यामुळे ‘याआधीचा नाही’ एवढंच तो सांगतो. दंडावरच्या दोन फितींवरून हुद्दा कळला, नाईक, साल नाही. छातीवरच्या रिबिनींचे रंग मी मोजलेच नाहीत. फोटो मोठा करून रंगवणारे पेंटर हौशी असत, आवडला तो रंग भरत.

खरी साक्ष टोपीवरच्या बिल्ल्याची. भिंगाखाली कोरेगावचा जयस्तंभ स्पष्ट दिसला, पण एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या व्हिकर्स मशीनगन नव्हत्या. १९४६ मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा त्या बिल्ल्यावर आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. म्हणजे फोटो १९४१ ते १९४६ मधला.

पणतूचा चेहरा उतरला. ‘म्हणजे पहिल्या लढाईत नव्हते?’ नव्हते. पण मला ही हकीकत जास्त मोलाची वाटते. व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना बाबासाहेबांनी महारांच्या पलटणीसाठी आग्रह धरला, ती उभी राहिली आणि पहिल्या काही वर्षांतच हा माणूस नाईक झाला होता. सांगायचंच तर नातवंडांना हे सांगावं.

एक विनंती. अशी तसबीर नव्या फ्रेमसाठी दुकानात देताना मागचा पुठ्ठा फेकू देऊ नका. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, कधी पेन्सिलीनं लिहिलेला पलटण नंबर त्याच्यावरच असतो. आणि फोटोवरचा रंग कुणाला ‘साफ’ करू देऊ नका. बिल्ला आधी पुसला जातो.