हातोडी शोधता शोधता

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून नॉरिचची गाडी पकडली की दीडेक तासात डिस येतं. तिथून टॅक्सीनं वेव्हनी नदी ओलांडून सफोक परगण्यात शिरलो आणि थोड्याच वेळात हॉक्सन गाठलं. खजिना सापडलेलं शेत खासगी मालकीचं आहे, म्हणून रस्त्यावरूनच पाहिलं. सपाट, नांगरलेली, ओलसर काळपट जमीन. पाटी नाही, खांब नाही.

नोव्हेंबर 1992 मध्ये इथल्या एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. ती शोधायला त्यानं आपल्या मित्राला, एरिक लॉज यांना बोलावलं. निवृत्तीनंतर मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणं हा लॉज यांचा छंद. यंत्र वाजलं, पण हातोडीऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी वर येऊ लागली. थोडं काढल्यावर लॉज यांनी खणणं थांबवलं आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं.

गंमत म्हणजे वस्तूइतकीच ती सापडलेली जागाही महत्त्वाची असते, हा धडा या गावात जुनाच होता. इथल्याच विटांच्या मातीच्या खाणीत मिळालेल्या दगडी हातकुऱ्हाडींबद्दल जॉन फ्रीअर यांनी 1797 मध्ये लिहिलं, तेव्हा त्या किती खोल आणि मातीच्या कोणत्या थराखाली होत्या याचीही नोंद केली. त्या अतिप्राचीन काळातल्या असाव्यात, हे त्यांना त्यावरूनच उमगलं.

खजिना पाहायला मात्र लंडनला परतावं लागतं. ब्रिटिश म्युझियमच्या 49 क्रमांकाच्या दालनात मी बराच वेळ रेंगाळलो. सगळी मिळून जवळपास 15 हजार रोमन नाणी, त्यांतली सर्वांत अलीकडची इसवी सन 407-408 ची. म्हणजे रोमन सत्ता ब्रिटनमधून उठत असताना कुणीतरी हे धन पुरलं. माझे पाय खिळले ते मिरपुडीच्या चांदीच्या डबीपाशी. राजघराण्यातल्या वाटणाऱ्या एका स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या रूपात ती घडवली आहे. तळाची चकती फिरवली की ती भरायची, शिंपडायची किंवा बंद करायची. त्या काळी मिरी जायची ती आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून, मलबारातून.

खजिना ज्यात पुरला होता ती लाकडी पेटी कधीच कुजून गेली होती. तरीही बिजागऱ्या, कुलपं आणि वस्तूंच्या जागा यांवरून आत लहान पेट्या होत्या, दागिने आणि भांडी नीट वेगवेगळी रचली होती, हे तज्ज्ञांना सांगता आलं. लॉज यांनी हावरेपणानं सगळं उपसलं असतं, तर उरला असता नुसता सोन्याचांदीचा ढीग.

खजिन्याची किंमत साडेसतरा लाख पौंड ठरली. बक्षिसाच्या रकमेत लॉज यांनी शेतकऱ्यालाही वाटा दिला. हातोडीही नंतर मिळाली आणि तीसुद्धा म्युझियमकडे गेली.

आपल्याकडेही 1878 पासून कायदा आहे: जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. विहीर खणताना किंवा घराचा पाया घेताना तुमच्या फावड्याला हंडा लागला, तर तो उचलू नका. हात थांबवा, जागा तशीच ठेवा आणि आधी कळवा.