‘ती रात्र’ कुणाला सापडणार?

आपल्या वाङ्मय मंडळाच्या जुन्या अंकांतले लेख यंदा वेबसाइटवर चढवायला घेतले आणि प्रत्येक पानाचं शीर्षक लिहायचं काम माझ्याकडे आलं. लेखकाने नाव दिलेलं असतंच, मग तू काय लिहिणार, असं बऱ्याच जणांनी विचारलं.

पानाचं शीर्षक म्हणजे लेखाच्या डोक्यावर दिसतं ते नव्हे. पानाच्या कोडमध्ये ‘टायटल’ नावाची एक ओळ असते. ब्राउझरच्या टॅबवर ती दिसते आणि गूगलच्या यादीतही सहसा तीच येते. आपल्या पानांवर तिथे आधी कॉलेजचं लांबलचक नाव, मग मंडळाचं, मग अंकाचं वर्ष आणि अगदी शेवटी लेखाचं नाव होतं. स्क्रीनवरची जागा संपली की गूगल उरलेलं कापून टाकतं. म्हणजे सगळे लेख बाहेरून सारखेच: कॉलेजचं नाव आणि पुढे तीन टिंबं! कॉलेजचं नाव मागे नेलं, लेख पुढे आणला. एवढं सोपं होतं.

अवघड पुढेच होतं. एका माजी विद्यार्थिनीचा शिवोलीच्या जागरावर फार सुंदर लेख आहे. नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी तिथे हिंदू आणि ख्रिस्ती मिळून जागर करतात, त्याची ही आठवण. लेखाचं नाव ‘ती रात्र’. छापील अंकात ते शोभतं, कारण अंक हातात असलेला माणूस पान उलटून आत शिरतोच. पण शिवोलीचा जागर शोधणारा ‘ती रात्र’ कशाला टाइप करील? गूगल आतला मजकूरही वाचतं, हे खरं. तरी यादीतल्या दहा नावांपैकी कुठे बोट टेकवायचं, हे माणूस ती एक ओळ वाचूनच ठरवतो, आणि ‘ती रात्र’ म्हटल्यावर त्याला भुताची गोष्ट आठवणार.

मी लिहिलं, ‘शिवोलीचा जागर: एका रात्रीची आठवण’, आणि बाईंना फोन केला.

“बाय, हे नाव आहे की वर्गणीची पावती?” त्या म्हणाल्या.

लेखावर ‘ती रात्र’च राहील, हे फक्त बाहेरच्या दारावरचं, असं समजावलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तर मग ‘जागोर’ लिही. आमच्या वाड्यावर ‘जागर’ कोण म्हणतं?”

बरोबरच होतं त्यांचं. शोधणारा आपल्या तोंडातला शब्द लिहितो, शब्दकोशातला नाही. आता तिथे ‘शिवोलीचा जागोर’ आहे. ‘जागर’ लेखात जागोजागी आहेच.

ख्रिस्तपुराणाचंच बघा ना. १६१६ मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, तेव्हा त्याला लांबलचक पोर्तुगीज नाव होतं. आज त्या नावाने ते कोण मागतं? त्यावरच्या आपल्या लेखाचं नाव होतं ‘मराठीचा परदेशी उपासक’. मी टायटलमध्ये ‘फादर स्टीफन्स आणि ख्रिस्तपुराण’ घातलं. स्टिफन्स, स्टीव्हन्स, स्टिव्हन्स अशी सगळी रूपंही तिथेच घाल, अशी सूचना आली. ती मानली नाही. असली खोगीरभरती वाचणाऱ्याला खटकते, आणि गूगललाही पटली नाही तर ते आपल्या मनाचं शीर्षक लावून मोकळं होतं. दुसरी रूपं लेखाच्या सुरुवातीच्या परिचयात एकदा दिली.

उलट टोकाची सूचनाही आली होती: ‘फादर स्टीफन्सबद्दल हे वाचून थक्क व्हाल’. लोक येतील, पण ज्याला स्टीफन्स हवा आहे तोच नेमका येणार नाही.

कवितांच्या नावांना हात लावायची हिंमत झाली नाही. पण ‘सावली’ नावाच्या तीन कविता निघाल्या, तीन वेगवेगळ्या वर्षांच्या. तिघींपुढे कवीचं नाव आणि वर्ष लावलं. ‘मन’ नावाच्या सहा आहेत. त्या अजून व्हायच्या आहेत, त्यातल्या दोन तर एकाच कवीच्या आणि एकाच अंकातल्या.